सूर्यावरचे सुरुंग

५ जाने., सोम.
०५.५० उठलो. शांत. ०६.२० ते ०६.२७ सौम्य कंप, उगम शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन. ०७.०० चहा. वैशाली म्हणाली, "आबा, रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. आता तरी घराची नोंद ठेवणं बंद करा." बंद केली तर दिवसभर काय करू, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

बायको, कुसुम, गेल्यावर साताऱ्याच्या घराला कुलूप लावून लेकीकडे सांगलीला आलो, त्याला आता दोन वर्षं होतील. गाव चांगलं आहे. भडंग चांगलं, घाटावर फिरायला बरं, वाऱ्यावर कुठून तरी हळदीचा वास येतो. पण जमीन हलत नाही. पूर येतो, हलत मात्र नाही. कोयनानगरला धरणाच्या भूकंप वेधशाळेत चौतीस वर्षं भूकंपमापकाच्या ड्रमवरचे कागद वाचले. रोज दोन-चार तरी बारीक धक्के. इथे आल्यापासून करमत नाही, ते त्यामुळेच असावं.

७ जाने., बुध.
वै. संध्याकाळी कॉलेजातून आली ती काखेत सतरंजीएवढी कागदाची गुंडाळी घेऊन. झेरॉक्सवाल्याकडून खास लांबलचक छापून आणलेली. म्हणाली, हा सूर्य.

विषय असा. एक उपग्रह वर आहे, त्यावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. सूर्याकडे तोंड करून बसलेलं. सूर्यातून क्ष-किरण किती आले ते मोजत राहतं. सूर्यावर ज्वाळा उठली की आकडा वर जातो, विझली की खाली. सात आठवड्यांची रेघ. कॉम्प्युटरनं ज्वाळा मोजल्यात, पण माणसानं डोळ्यांनी तपासायला हव्यात आणि वै.ची कॉलेजातली मुलं परीक्षेत गुंतलीत.

"तुमचे डोळे रिकामेच आहेत."
मी म्हणालो, सूर्यातलं मला काय कळतं?
"कळायला नकोच. रेघ वर गेली की खूण करा."
चौतीस वर्षं दुसरं काय केलं मी.

८ जाने., गुरु.
भिंग शोधलं. पट्टी शोधली. पेन्सिली तासल्या. दुपारी झोपलो नाही.

ज्वाळा म्हणजे माझ्या ओळखीचंच प्रकरण निघालं. एकदम चढायचं आणि सावकाश उतरायचं. हुबेहूब धक्का. फक्त आमचा मिनिटात आटपायचा, ह्याला तास लागतो. मोठ्या घरचं सगळंच निवांत.

एका कागदावर छापलं होतं: एम ५.१. वाचताक्षणी खुर्चीतून उठलो आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिलो. वै. हॉलमध्ये पेपर तपासत होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं. "आबा, ती ज्वाळेची प्रतवारी आहे. भूकंपाची नाही." मी म्हणालो, पाय आखडले होते.

१० जाने., शनि.
तपासणी पूर्ण. कॉम्प्युटर: २०९. मी: २१२. त्याला तीन दिसल्याच नव्हत्या. वै.नं त्या तीन पुन्हा पाहिल्या. खऱ्या निघाल्या. "आबा, भारीच की!" म्हणाली. मी विशेष काही नाही म्हणालो. मग घाटापर्यंत चालत जाऊन आलो, येताना विनाकारण पाव किलो पेढे आणले.

११ जाने., रवि.
आज वै.नं तिची खरी गोष्ट सांगितली. आत्तापर्यंत कुणाला सांगितली नव्हती म्हणे. एवढ्या ज्वाळांमध्ये तेरा बारक्या ज्वाळा आहेत, सगळ्या एका उंचीच्या. त्या जोडीनं येतात. एक आली की बरोबर दोन दिवसांनी दुसरी. मग चार-पाच दिवस काही नाही. मग पुन्हा जोडी. अशा सहा जोड्या. एक तेवढी एकटी आली, तिची जोडीदारीण आलीच नाही.

"अपवाद," वै. म्हणाली. "निसर्गात असतो थोडा."

सूर्य असं का करतो ते कुणाला माहीत नाही. तिनं शोधलंय. २४ तारखेच्या आत यादी यंत्रवाल्यांना, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या केंद्राला, पाठवायची आहे. बोलताना हात हलत होते तिचे. लहानपणी नापास होता होता पास झाल्यावर असेच हलायचे. मला फार बरं वाटलं.

१४ जाने., बुध. संक्रांत.
सूर्य मकरेत गेला. तिळगूळ घेताना वै. सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, यादी पसंत पडली तर यंत्रवाले तिला एक वर्षासाठी बोलावणार. तिकडेच राहायचं, त्यांच्याबरोबर काम. रेल्वेनं एक रात्र.

मी म्हणालो, "चांगलं आहे."
"तुमचं काय करायचं?"
"माझं काय करायचंय? मी काय बाळ आहे?"
आवाज व्यवस्थित आला. तिळगुळाचा खडा दातात अडकला होता, तेवढाच अडथळा.

वै.नं लग्न केलं नाही. तो विषय पंधरा वर्षांपूर्वी तिनं बंद केला, आम्ही दोघांनी उघडला नाही. म्हणजे घरात ती आणि मी. ती गेली की मी आणि वॉशिंग मशीन.

१५ जाने., गुरु.
काम संपलेलं, तरी कागद पुन्हा काढले. वेधशाळेत प्रत्येक कागदावर डोक्याशी वार, तारीख, तिथी लिहायची माझी पद्धत. साहेब तिथीला हसायचे, मी लिहायचो. वै.च्या कागदांवर त्यातलं काहीच नाही. दिवस क्र. १, दिवस क्र. २, आणि वेळ परदेशी घड्याळाची. तेव्हा बसल्या बसल्या वार घालावेत म्हटलं. घड्याळात साडेपाच तास मिळवले.

तेरा बारक्या ज्वाळा. सगळ्या सोमवारी नाहीतर बुधवारी. सगळ्या सकाळी अकराच्या ठोक्याला सुरू, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे.

पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तेच.

१६ जाने., शुक्र.
वेधशाळेसमोरच्या डोंगरात ठेकेदाराची खाण होती. तिथे सुरुंग उडाला की आमच्या ड्रमवर धक्का उमटायचा. नवशिका फसायचा. मी फसत नसे. सुरुंग वेळेवर येतो, भूकंप येत नाही. अशा नोंदीवर लाल पेन्सिलनं काट मारून 'सु.' लिहायचं आणि हिशेबातून वगळायचं. लाल पेन्सिल फक्त माझ्याकडे असायची.

सूर्याला सोमवार कसा कळतो?

तेरांवर 'सु.' लिहिलं, पण अगदी पुसट. मग थांबलो. वै. जाणार म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी मला सुरुंग दिसायला लागले. १० तारखेला हेच कागद, हेच भिंग, तेव्हा दिसले नाहीत. हात माझा, पेन्सिल माझी, पण काट नक्की कोण मारतंय? स्वतःचाच संशय यावा असा प्रसंग नोकरीत कधी आला नव्हता. त्रयस्थ माणसाला विचारलं पाहिजे.

१९ जाने., सोम.
०६.१५ ची एस.टी. कराड, पाटण, कोयनानगर. वै.ला सांगितलं, सर्जेरावची तब्येत बघून येतो. सर्जेरावची तब्येत ठणठणीत आहे.

सर्जेराव म्हणजे त्या खाणीतला सुरुंगवाला. वीस वर्षं तो उडवायचा, मी काट मारायचो. एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं तेव्हापासून वैर. पुढे कॉलनीच्या गणपतीत ओळख झाली. आता असा दोस्त दुसरा नाही.

अंगणात कागद पसरले, चार कोपऱ्यांवर चार दगड.
"आवं साहेब, ह्ये काय?"
"सूर्य."
"मग ह्यो वर हाय त्यो कोन?"
सगळं समजावलं. वै. जाणार आहे ते सोडून. त्यानं बोट ठेवत ठेवत तेरा खुणा पाहिल्या. लय वेळ घेतला. मग म्हणाला, "सोमवार-बुधवार, अकरा. मानसाचंच काम. न्ह्यारी करून, च्या पिऊन, बत्ती लावलीया गड्यानं."
"सूर्यावर माणूस कुठला?"
"त्ये तुमचं तुमी बघा. मी सुरुंगाचं सांगितलं." मग त्या एकट्या ज्वाळेवर बोट आपटलं. "हिची जोडीदारीन कवा यायला पायजे हुती?"

दिवस क्रमांकावरून बोटं मोजून तारीख काढली. सर्जेरावच्या घरात नवं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्याला वर टांगलेलं. त्यानं नवं वर केलं, खालचं गेल्या वर्षीचं उलटत नेलं. एक ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सर्जेरावनं मांडीवर थाप मारली. मग तो म्हणाला, "झालं की मग. खंडेनवमीला आमी तरी कुटं मशिनीला हात लावत हुतो? पुजायची, हार घालायचा, नारळ फोडायचा, आन् घरी. सुरुंगवाला सुट्टीवर हुता तुमचा."

निघताना एस.टी.त पिशवी देता देता म्हणाला, "पोरगी कुटं जानार हाय का हो?"
मी म्हणालो, तुला कुणी सांगितलं?
"कुनी न्हाई. तुमी कवाच्यान कागूद दावताय, पन एकदा बी त्वांड वर केलं न्हाई."

२१ जाने., बुध.
काल दिवसभर सांगितलं नाही. आजही नाही. सकाळी अकरा वाजता बाल्कनीत जाऊन सूर्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हामुळे.

न सांगावं तर चुकीची यादी जाईल आणि ती पुढे कुठेतरी चारचौघांत तोंडघशी पडेल. सांगावं तर जोड्या मोडतील आणि ती इथेच राहील. दुसरं झालं तर मला आनंद होईल, आणि म्हणूनच सांगायची लाज वाटते.

२२ जाने., गुरु.
नाश्त्याला सांगितलं. पोहे. कागद ताटाशेजारी ठेवला आणि म्हणालो, जोड्या खोट्या आहेत. जरा सावकाश सुरुवात करायला हवी होती.

वार दाखवले, वेळ दाखवली, खंडेनवमी दाखवली.
"सूर्याला वार असतात का आबा?"
"नसतात. म्हणूनच बघायचे असतात."
तिचा चेहरा पडला. मग लाल झाला. "तुम्हाला मी जायला नकोय."
"ते वेगळं, हे वेगळं."
"म्हणजे ते आहेच ना?"
मी पोह्यांवर लिंबू पिळलं. ती न खाता कॉलेजला गेली. दार आपटलं. तीव्र धक्का, उगम घरातच.

२३ जाने., शुक्र.
अबोला. भाजी-आमटी-भात सगळं वेळेवर, शब्द एकही नाही. रात्रीच्या जेवणानंतर तिनं यंत्राचं माहितीपुस्तक उघडलं. इतके दिवस उघडलं नव्हतं, तेही मला आजच कळलं. अर्ध्या तासानं आतून हाक आली.

पान सत्तेचाळीस. यंत्र बरोबर मोजतंय का हे पाहायला त्याच्यातच किरणोत्सारी धातूचा एक तुकडा ठेवलेला आहे. जमिनीवरून आज्ञा गेली की तो तुकडा यंत्राच्या डोळ्यासमोर येतो, दहा मिनिटं थांबतो, परत जातो. दुकानदार सकाळी तराजूत वजन टाकून काटा बघतो तसं. नेहमी दर सोमवारी आणि बुधवारी. त्या वेळचे आकडे वगळून साफ केलेल्या फायली वापराव्यात, असं ठळक अक्षरांत. वै.च्या मुलांनी कच्च्या फायली उतरवल्या होत्या.

म्हणजे सात आठवडे माझ्या लेकीनं सूर्याच्या नावावर तराजूचं वजन मोजलं.

"हसा," ती म्हणाली. मी हसलो नाही. मग तीच हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला. अशा वेळी नक्की कुठे ठेवायचा ते मला अजून जमत नाही, मानेजवळ ठेवला गेला.

२४ जाने., शनि.
यादीऐवजी वै.नं पत्र पाठवलं. चूक कशी झाली ते सगळं सरळ लिहिलं. माझ्या खुणांच्या कागदांचे फोटोही जोडले, लाल पेन्सिलसकट. मी म्हणालो, माझं नाव कशाला घातलंस? म्हणाली, ज्यानं पकडलं त्याचं नाव नको? ती आतून खचलेली आहे. दिवसभर कपाट आवरत होती. कपाट आवरलेलंच होतं.

ती जाणार नाही. मला हवं होतं ते झालं. जेवण गेलं नाही.

२८ जाने., बुध.
यंत्रवाल्यांचा व्हिडिओ कॉल. तिकडून एक बाई, वै.पेक्षा तरुण, हिंदी बोलणाऱ्या. मलाही समोर बसवलं. इस्त्रीचा शर्ट घातला, खाली लेंगाच.

त्यांनी पहिलं विचारलं, ते सोमवार-बुधवार आणि सुट्टीचं कुणाला दिसलं? वै.नं माझ्याकडे बोट केलं. बाई हसल्या. म्हणाल्या, अकरा वाजता चहा झाल्यावरच आज्ञा पाठवतो. आणि त्या एक ऑक्टोबरला आम्ही सगळे पडद्यांना झेंडूचे हार घालून बसलो होतो, कुणी बटणाला हात लावला नाही. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणालो, हमारे यहां एक सुरुंगवाला है. वै.नं टेबलाखालून पाय दाबला.

मग त्या गंभीर झाल्या. तेरातल्या बारा खुणा त्यांच्या नोंदवहीशी जुळतात. अकरा नंबरची जुळत नाही. त्या बुधवारी त्यांची अँटेना दुरुस्तीला होती, आज्ञा गेलीच नव्हती. तुकडा जागचा हललाच नाही. मग अकरा वाजून चार मिनिटांनी रेघ वर का गेली? त्यांचा कॉम्प्युटर ठरलेल्या वेळचं सगळं न बघताच टाकून देतो, त्यामुळे त्यांना ती दिसलीच नव्हती.

ती खरी ज्वाळा असेल तर अशा आणखी किती टाकून दिल्यात ते शोधायला माणूस लागेल. वर्षभर. मग वै.नं यावं. नसेल तर एवढ्यासाठी कुणाला बोलावता येणार नाही. कागद नीट वाचून आपलं मत कळवा, आबांचं मत विशेष करून, असं म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर वै. माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायलो.

३० जाने., शुक्र.
अकरा नंबर. भिंग, पट्टी, पुन्हा भिंग. चढ दिसतो. उतार दिसला असता तर एका मिनिटात सांगितलं असतं, कारण खरी ज्वाळा सावकाश उतरते आणि यंत्रातला झटका एकदम खाली येतो. पण ११.०६ ला नोंद तुटलेली आहे. पुढे कोरा कागद.

२ फेब्रु., सोम.
सर्जेरावला फोन केला. म्हणाला, "अर्धा सुरुंग मी कवा बघितला न्हाई साहेब. माजं काय बी खरं न्हाई ह्यात." वै. रोज संध्याकाळी विचारत नाही. विचारत नाही हे मला ऐकू येतं.

चढ थोडा तिरका आहे, म्हणजे ज्वाळा. चढ तसा उभाही वाटतो, म्हणजे यंत्रातला काहीतरी झटका. सकाळी चहाच्या आधी ज्वाळा वाटते. वै.ची चप्पल दाराशी दिसली की झटका वाटतो. हे वाचन नव्हे.

५ फेब्रु., गुरु.
वै.ला समोर बसवलं. म्हणालो, चौतीस वर्षांत मी असं कधी केलं नाही. ह्या एका नोंदीवर माझं मत घेऊ नकोस.
"का?"
"कारण ती खोटी निघावी असं मला वाटतं. तू इथे हवी आहेस मला. मी डोळे कितीही पुसले तरी ते जात नाही."

एका दमात म्हणून टाकलं. तिनं भिंग उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आबा, हे तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत." मी म्हणालो, सांगायची वेळ आली नव्हती. "मी दहावीला पुण्याला शिकायला निघाले तेव्हा आली होती. तेव्हाही तुम्ही 'चांगलं आहे' म्हणालात आणि बस सुटायच्या आत वेधशाळेत परत गेलात." आठवतं मला. त्या दिवशी कागदावर काही नव्हतं. उगाच बसलो होतो.

कळवायचा मजकूर मीच सांगितला, तिनं टाइप केला: नोंद क्र. ११. वाचकाचा स्वार्थ गुंतलेला असल्यामुळे अभिप्राय देता येत नाही. तिनं तिचं मत वेगळं लिहिलं. मला दाखवलं नाही, मी मागितलं नाही. अकरा नंबरवरची पुसट 'सु.' मात्र खोडून टाकली.

८ फेब्रु., रवि.
उत्तर नाही. बाईंचं फक्त एवढंच आलं की दोन्ही पत्रं मिळाली, बैठक व्हायची आहे.

आज आमटी मी केली. वै. मागे उभी राहून बघत होती. फोडणी करपली नाही. मीठ घालायचं राहिलं. तिनं एक घास खाल्ला, ताटात मीठ घेतलं आणि म्हणाली, "अजून वेळ आहे. शिकाल."